दोन मणांचा हैबती

जिवंत मल्ल हरवून संपले, तेव्हा भुजंगराजांची नजर मेलेल्यांवर गेली.

राजांचा मल्ल हैबती दोन मणांच्या गटात लढायचा. बत्तीस कुस्त्या झाल्या, बत्तीसही त्याने मारल्या. तेवढ्याने राजांचे समाधान होईना. त्यांना आजवरचा सर्वांत थोर मल्ल आपल्या पदरी हवा होता. पण आखाड्याच्या दाराशी एक दगड उभा होता. थोरल्या महाराजांनी तो तुळाजी मल्लाच्या नावाने, त्याच्या हयातीतच बसवला होता. तुळाजीही दोन मणांचाच. येणारा जाणारा प्रत्येक पैलवान आधी त्या दगडाला हात लावून मगच मातीत उतरायचा. खुद्द हैबतीसुद्धा.

"तुळाजीने किती कुस्त्या मारल्या?" राजांनी दिवाणांना विचारले.

"एकोणीस, सरकार."

"मग बत्तीस मोठे की एकोणीस? तो दगड काढा आणि धोब्याला द्या. कपडे आपटायला बरा आहे."

तुळाजीची मुलगी सगुणा तालमीला दूध घालायची. बाप जाऊन वर्ष झाले होते. रोज सकाळी दुधाची चरवी दगडाशी टेकवायची, घटकाभर उभे राहायचे आणि मग आत जायचे, एवढाच तिचा नेम होता. त्या सकाळी तिला दगडाभोवती पहारी घेतलेली माणसे दिसली. ती तशीच दरबारात गेली.

"सरकार, माझे आबा कमी होते, हे कशावरून ठरलं?"

"आकड्यांवरून. पटत नसेल तर कुस्ती लावू," राजे म्हणाले. "चार दिवसांनी तुझ्या बापाला आखाड्यात घेऊन ये. दोन मणांचा तुळाजी, दोन मणांचा हैबती. जो येणार नाही तो हरला. आखाड्याचा नियमच आहे तो."

दरबार खो खो हसला. दिवाण जरा जास्तच हसले.

सगुणा हसण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबली. "आणते. पण वजन आबांच्या काळी व्हायचं तसं व्हावं. काटा मातीच्या कडेला. पारड्यातून उतरायचं ते थेट आखाड्यात."

दिवाणांचे हसू मावळले. हल्ली वजन आदल्या दिवशी वाड्यात व्हायचे. उन्हात ताटकळत वजने पाहणे राजांना मानवत नसे. त्यातून मल्लांना एक वाट सापडली होती. वजनाआधी तीन दिवस राजवैद्य हैबतीला गुऱ्हाळाच्या भट्टीशेजारी घोंगड्यांत गुंडाळून बसवत. पाण्याचा थेंब नाही. घाम निथळून निथळून तो काट्यावर बरोबर दोन मण भरायचा. मग रात्रभरात दूध, तूप, पाणी पोटात जायचे आणि सकाळी मातीत उतरायचा तो सव्वादोन मणांचा गडी. हे सगळ्या संस्थानाला ठाऊक होते. सगुणाला तर शेरावारी ठाऊक होते. तीन दिवस तालमीतून हैबतीचे दूध बंद व्हायचे, आणि वजन झाले की त्या एकट्यासाठी चरवीच्या चरवी मागवली जायची.

"कबूल," राजे म्हणाले. मेलेला माणूस येतो कुठला!

चौथ्या दिवशी आखाडा माणसांनी फुलला. गुळाच्या ढेपा तोलायचा मोठा काटा मातीच्या कडेला उभा केला होता. दोघांनी बखोटे धरून हैबतीला आणले. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. एका पारड्यात दोन मणांची वजने, दुसऱ्यात हैबती. काटा मध्यावर थांबला.

"बरोबर दोन मण!" वैद्यबुवा ओरडले.

"हा आमचा मल्ल आला," राजे म्हणाले. "तुझा कुठाय?"

"बोलावते, सरकार. आधी ह्याला मातीत उतरू द्या."

हैबती पारड्यातून उतरला, दोन पावले चालला आणि मातीच्या अलीकडेच मटकन खाली बसला. त्याची नजर सगुणाच्या चरवीवर खिळली.

"सगुणाक्का," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तेवढी चरवी दे. मग तुझ्या बापाशी लढतो, नाहीतर यमाशी."

"हैबती, थांब!" दिवाण धावले. पण सगुणाने चरवी पुढे केली होती. पाच शेर दूध हैबतीने श्वास न घेता संपवले आणि मिशा पुसल्या.

"आता पुन्हा तोला त्याला," सगुणा म्हणाली.

पारडे धपकन खाली गेले.

"सरकार, हा गडी कोण?"

"कोण म्हणजे? हैबती!"

"हा दोन मण पाच शेरांचा हैबती. दोन मणांचा कुठं गेला? तो तर मातीत उतरलाच नाही."

राजांच्या कपाळाची शीर उडू लागली. "तुझा बापही आलेला नाही. तो मेलाय, तो येणारच नव्हता!"

"मेलेल्या माणसाला कुस्तीला बोलवायची कल्पना माझी नव्हती, सरकार."

कोणीतरी हसू दाबले. राजांनी हात वर केला.

"बोलण्यात हरणार नाहीस तू. मग एवढंच सांग. दोन मणांचा तुळाजी आणि दोन मणांचा हैबती, यांत थोर कोण?"

सगुणाने रिकामी चरवी उचलून घेतली.

"सरकार, दोन मणांचे आबा जन्मभर दोन मणांचे होते. गेल्या वर्षी गेले. दोन मणांचा हैबती काट्यावर जन्मतो आणि दुधाचा पहिला घोट पोटात गेला की जातो. आत्ता आपल्यासमोर गेला. दोघंही आता वर आहेत, तेव्हा त्यांची कुस्ती तिथंच लागणार. सरकारांना ती बघायची फार घाई आहे का?"

दिवाणांनी डोळे मिटून घेतले.

मग राजांचे पोट हलू लागले. ते इतके हसले की डोक्यावरचा मंदील कानावर आला.

"नाही बाई, घाई नाही! दगड जागेवर राहू दे. आणि हिला दोन दुभत्या म्हशी द्या. आणखी काय हवं?"

"हा काटा इथंच राहू द्या."

"सरकार," दिवाण कळवळून म्हणाले, "मग आपला हैबती लढणार कोणाशी?"

"सव्वादोन मणांच्या गड्याशी," हैबती म्हणाला. "हरलो तरी चालेल, पण पाणी पिऊन हरेन."