पोपट माशांची माळ

फार पूर्वी भर समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटावर कोळ्यांचं एक गाव होतं. गाव पाण्याला इतकं लागून, की भरतीला ओट्यावर बसून पाय धुवावेत. तरी समुद्राची भीती कुणाला वाटत नसे, कारण गावासमोर पाण्यात पोवळ्यांचा लांबलचक खडक होता. केवढीही लाट येवो, ती आधी त्या खडकावर आपटायची आणि गावापर्यंत येताना तिचा जोर सरलेला असायचा. शिवाय खडकाच्या कपारींत मासळी एवढी, की होडी फार लांब न्यायलाच नको.

आता हा खडक बांधला कुणी? मोहरीएवढ्या जिवांनी. एक पिढी मेली की तिच्या सांगाड्यावर दुसरीनं घर करायचं, असं शेकडो वर्षं चाललेलं. गावाचा खडकावर भारी जीव होता. आणि जीव होता म्हणूनच तर सगळा घोटाळा झाला.

त्याचं असं झालं, की खडकावर हिरवे-निळे पोपट मासे राहत. त्यांचे दात चोचीसारखे. पाण्यात बुडी मारली की त्यांचं कुरतडणं स्पष्ट ऐकू येई. गावानं ठरवून टाकलं, हे मेले आपला खडक खातात. मग चालच पडली. ज्याचं लग्न ठरेल त्यानं हळदीआधी पोपट माशांची माळ सासऱ्याच्या दारावर बांधायची. माळ जेवढी लांब, तेवढा जावई कर्तबगार. लग्नं होत राहिली आणि पोपट मासे संपत चालले.

त्या गावात चांगुणा नावाची एक विधवा कोळीण होती. ओहोटी लागली की ती खडकावर जाऊन कालवं काढायची. त्यावरच तिनं आपला एकुलता एक मुलगा, लखमा, लहानाचा मोठा केला. तिला एक गोष्ट केव्हापासून खटकत होती. जिथले पोपट मासे संपले, तिथं खडकावर शेवाळाची गोधडी चढली होती. खालची पोवळी गुदमरून मेली होती, पाय ठेवला की भुगा. तिच्या घरासमोरच्या तुकड्यावर मात्र थोडे पोपट मासे उरले होते आणि तेवढाच तुकडा गुलाबी, जिवंत होता. एकदा ती गळाभर पाण्यात उभी राहून नीट बघत राहिली. मासे कुरतडत होते ते शेवाळ, पोवळी नव्हेत.

अशातच लखमाचं लग्न ठरलं. मुलगी येसू, गावचा कारभारी धाकू नाखवा याची लेक. लखमाचा तिच्यावर फार जीव. तो जाळं घेऊन निघाला आणि थेट घरासमोरच्या तुकड्याकडे वळला. दुसरीकडे मासे होतेच कुठं?

चांगुणा वाटेत उभी राहिली. "लखमा, जाळं ठेव."

"आये, माळ नाही तर लग्न नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"आहे. पण हे मासे गेले की हा खडकही जाईल. मग बायकोला घेऊन राहशील कुठं?"

लखमानं रागानं जाळं आपटलं. चांगुणा तडक नाखव्याकडे गेली आणि जे पाहिलं ते सांगितलं.

नाखवा म्हणाला, "चांगुणाबाय, ही आमच्या आज्यापासूनची चाल. तू म्हणतेस म्हणून मोडू?"

"मी म्हणते म्हणून नको. उद्या ओहोटीला माझ्यासोबत चला, स्वतः बघा."

"मी जन्मभर खडक बघत आलोय. माळ आणा, नाहीतर मुलगी मिळणार नाही."

सोयरीक मोडली. लखमा आईशी बोलेना. मुलाचं सुख आपल्याच हातानं मोडलं म्हणून ती चुलीपाशी बसून रडली. पण ओहोटी लागली की डोळे पुसून खडकावर हजर. कुणी जाळं घेऊन आलं की पदर खोचून आडवी उभी राहायची. गाव हसलं, तिला खडकाची सासू म्हणू लागलं. ती हटली नाही.

शेवटी लखमालाच राहवलं नाही. त्यानं बुडी मारून पाहिलं, मासे खरंच शेवाळ खात होते. मग तो गुपचूप आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. शेजारच्या मेलेल्या खडकावरचं शेवाळ दोघं हातानं उपसू लागली. उपसावं तेवढं पुन्हा उगवे. जे काम ते मासे दिवसभर बिनबोभाट करत, त्यात दोघांच्या कमरेचा काटा ढिला झाला.

मग एका वर्षी मोठं वादळ आलं. मेलेला खडक लाटांनी ढेकळासारखा फुटला आणि समुद्र सरळ गावात शिरला. होड्या गेल्या, घरं गेली. जिवंत तुकड्यामागची चांगुणाची आळी तेवढी उभी राहिली. धाकू नाखवा बायको-मुलीला घेऊन भिजत तिच्या दारात आला. त्याची मान वर होईना.

"आत या," चांगुणा म्हणाली. "आधी अंग पुसा, पेज घ्या."

वादळ निवल्यावर नाखवा स्वतःहून तिच्यासोबत खडकावर गेला. बराच वेळ पाण्यात बघत राहिला. मग म्हणाला, "आता एकही पोपट मासा कुणी मारणार नाही. आणि लखमाला विचार, येसू अजून पसंत आहे का. खडक पुन्हा पहिल्यासारखा व्हायला किती दिवस लागतील?"

"माझ्या डोळ्यांदेखत नाही व्हायचा, नाखवा. तुमच्याही नाही. म्हणूनच आजपासून कामाला लागायचं."

आणि तसंच झालं. माळेविना लखमाचं लग्न लागलं. पोपट मासे हळूहळू वाढले, एकेका दगडावर पसरत गेले. चांगुणा गेली तेव्हा निम्म्याहून जास्त खडक उजाडच होता. येसू म्हातारी झाली तेव्हा एका ओहोटीला तिनं आपल्या सुनेला हाताला धरून नेलं आणि मेलेल्या दगडावर आलेलं बोटभर गुलाबी पोवळं दाखवलं. म्हणाली, "हे तुझ्या सासूच्या सासूनं लावलंय. आता तू सांभाळ."

तात्पर्य: ज्यावर आपला जीव आहे, त्याची राखण आधी नीट पाहून करावी, आणि आपल्याला फळ दिसणार नसलं तरी काम आजच हाती घ्यावं.