शेजारी फिरलेला पंखा

माळावर चार घरांची एक वस्ती होती. तिथे तेलघाणीवाले नागनाथअप्पा राहत. माणूस दिलदार, पण कौतुकाचा भारी भुकेला.

अप्पांनी छपरावर सोलर बसवलं, घरात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ठेवल्या. काम अडलं एका स्विचपाशी. बॅटरीची वीज आणि खांबावरची वीज, यांतली एका वेळी एकच घरात येऊ देणारा तो स्विच अजून आला नव्हता. कारागीर बजावून गेला, "अप्पा, स्विच उद्या बसवतो. तोवर बॅटरी घराला जोडू नका. वीज उलटी बाहेरच्या तारेत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाईट गेली. अप्पांना कुठला धीर! घरात नव्याकोऱ्या बॅटऱ्या आणि आपण घाम पुसत बसायचं? त्यांनी वायर घेतली आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला. दिवे लागले.

तेवढ्यात शेजारच्या बायडाक्का लगबगीने आल्या. "अप्पा, आमचा पंखा फिरायला लागला की वो! तुमचीच लाईट म्हणायची ही. लई पुण्यवान माणूस तुम्ही!"

वीज बाहेर गेली, हे अप्पांना कळलं. वायर काढायला त्यांनी हातही पुढे केला. पण एवढं पुण्यवान म्हणवून घेतल्यावर पंखा बंद कसा करायचा?

"फिरू दे, अक्का," अप्पा म्हणाले. "आपल्याकडं काय कमी हाय?"

त्याच वेळी वस्तीच्या टोकाला इलाही वायरमन खांबावर ढिली तार ओढत होता. वस्तीची लाईट बंद करायला डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले फ्यूज त्याने स्वतः काढले होते, त्यामुळे तो निर्धास्त होता. त्याने तार धरली आणि झटका बसून तो खाली कोसळला.

ओरडा ऐकताच अप्पांनी वायर उपटली आणि खांबाकडे धाव घेतली. इलाही जिवंत होता, पण त्याचा उजवा हात भाजून काळा पडला होता.

"फ्यूज काढायला विसरला असंल," जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला. "असल्याला कामावर ठेवतात तरी कसं?"

"अल्लाची शपथ, काढले होते," इलाही कण्हत म्हणाला. कोणाचा विश्वास बसेना.

अप्पा गप्प राहिले असते, तर इलाहीची नोकरी गेली असती आणि अप्पांचं नाव तेवढं राहिलं असतं. अप्पांना रडू फुटलं.

"त्याची चूक न्हाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "ती वीज माझी होती. मला ठावं होतं, तरी मी बंद केली न्हाई."

इलाहीची नोकरी वाचली. त्याच्या उजव्या हाताची मूठ मात्र पुन्हा कधी पुरती मिटली नाही.

तात्पर्य: देण्याआधी आपलं दान कुठवर पोचतं ते पाहावं, कौतुकासाठी केलेल्या उपकाराची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.