राजाचं एरंडेली लोणचं

"खपत नाही म्हणजे काय? अख्ख्या राज्याला आवडतं!"

राजा रणझुंजार असा गरजला की कोठारातल्या बरण्यांची झाकणं थरथरली. समोर कोठावळा भिवाजी घामाघूम होऊन उभा होता. महाराजांनी स्वतःच्या डोक्यातून एक लोणचं काढलं होतं. कारल्याचं, आणि तेही एरंडेल तेलात मुरवलेलं! चिनीमातीच्या पाचशे बरण्या भरून ते वर्षभर कोठारात आणि सरकारी दुकानात पडून होतं. भाव बरणीला चार आणे. खपलेल्या बरण्या शून्य!

"दिवाणजी, आकडा वाचा!"

दिवाण गोपाळपंतांनी कागद उलगडला. "शिपायांनी शंभर माणसांना विचारलं, महाराजांचं लोणचं कसं लागतं? शंभरच्या शंभर म्हणाले, फक्कड!"

"ऐकलंस, भिवाजी? शेकडा शंभर! म्हणजे खोट लोणच्यात नाही, विकणाऱ्यात आहे. दसऱ्यापर्यंत कोठार रिकामं झालं पाहिजे. उरेल ते तू खायचंस. इथे, माझ्यासमोर!"

ते लोणचं भिवाजीनं आयुष्यात एकदाच चाखलं होतं, तेही बोटाच्या टोकावर घेऊन. त्यानंतर दोन दिवस तो परसातून घरात आला नव्हता. आता पाचशे बरण्या! बिचाऱ्याला पुढचा विचारही करवेना.

त्याची भाकरी घेऊन आलेली लेक हरणा दाराशी उभी होती. ती सरळ पुढे आली.

"महाराज, आबांच्या ऐवजी मी विकते. पण भाव मी ठरवणार. आणि दसऱ्यापर्यंत राजवाड्यातलं कुणी दुकानाकडे फिरकायचं नाही. शिपाई तर मुळीच नाही!"

"माझ्या लोणच्याला शिपाई हवेत कशाला? कबूल!"

दुसऱ्या दिवशी हरणा भिवाजीला घेऊन दुकानात जाऊन बसली. नुसती बसली! ना हाक, ना आरोळी. बायका येत, बरणी उचलत, टिचकी मारून आवाज ऐकत, उन्हात धरून चकाकी बघत. मग झाकण उघडत, पदर नाकाला लावत आणि बरणी होती तिथे ठेवून चालू लागत.

"बघितलंत ना, आबा?"

"बघतोय की! कुणीसुद्धा घेत नाही."

"उचलतात तर सगळ्याच! ठेवून देतात त्या झाकण उघडल्यावर."

हरणानं चुना कालवला आणि दुकानाच्या फळीवर ठळक अक्षरांत लिहिलं: रिकामी बरणी दोन आणे. भरलेली बरणी एक आणा.

भिवाजीनं कपाळाला हात लावला. "अगं पोरी, उलटं लिहिलंस!"

"सरळच लिहिलंय. बघा तर खरं!"

तेवढ्यात शेजारची कासारीण कमरेवर हात ठेवून फळीसमोर उभी राहिली. "रिकामी दोन आणे न् भरलेली एक? मला काय खुळी समजलीस का गं? भरलेलीच दे. आतल्याचं काय करायचं ते माझं मी बघते!"

मग काय विचारता! बायकांची रीघ लागली. दसऱ्याला अजून अवकाश होता आणि दुकानात किंवा कोठारात एक बरणी औषधालाही उरली नाही. गावाबाहेरच्या उकिरड्याला गाढवं मात्र लांबचा वळसा घालून जाऊ लागली.

भिवाजीनं सुटकेचा निःश्वास सोडला. पण तो पुरता सुटायच्या आतच दरबारात राजा आनंदानं ओरडला, "सगळं खपलं! बघा, मी म्हणत नव्हतो? भिवाजी, आणखी दोन हजार बरण्या घाल! आणि यंदा फोडणीसुद्धा एरंडेलाचीच!"

भिवाजीच्या मनात आलं, हे उरलं, तर खाणार कोण?

आबांसोबत दरबारात आलेली हरणा म्हणाली, "महाराज, त्याआधी गावात एक प्रश्न विचारून घ्या. तीच शंभर माणसं, तेच शिपाई, तेच भाले. काल आकाशातून एक म्हैस उडत गेली, ती पाहिली का?"

प्रश्न राजाला फारच आवडला. शिपाई गेले आणि जेवणवेळेपर्यंत परतलेही.

"शेकडा शंभर, महाराज! सगळ्यांनी पाहिली. एक जण म्हणतो, पारडूही सोबत होतं. आणि सुतार म्हणतो, म्हैस त्याचीच आहे, उतरली की कळवा."

राजा ताडकन उठला. "म्हैस उडाली आणि मला कुणी उठवलं नाही?"

दिवाण खोकले. राजानं दिवाणांकडे पाहिलं, शिपायांच्या भाल्यांकडे पाहिलं, आणि तो हळूहळू खाली बसला.

"म्हणजे... ते लोणचंसुद्धा?"

"भाला समोर असला की सगळंच फक्कड लागतं, महाराज."

"मग पाचशे बरण्या खपल्या कशा?"

हरणानं फळीवरचा भाव सांगितला. गोपाळपंत उसळले. "बरणीच आपल्याला तीन पैशांना पडते! ती एका आण्याला विकून सुटला एक पैसा. लोणच्याचा खर्च कोण भरून देणार?"

"ते पैसे गेल्या वर्षीच बुडाले, दिवाणसाहेब. बुडालेल्या लोणच्यापायी चांगल्या बरण्याही बुडवायच्या का? पण नवं लोणचं अजून बुडालेलं नाही. ते घालायचंच नाही. नुसत्या बरण्या विका!"

राजा बोटं मोजत हिशेब करू लागला. "रिकामी दोन, भरलेली एक... मग माझ्या लोणच्याची किंमत झाली किती?"

भिवाजीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"उणे एक आणा, महाराज!" हरणानं सांगून टाकलं.

मग राजाच्या पोटातून पहिला हुंकार निघाला, आणि तो असा हसत सुटला की मुकुट घरंगळून दिवाणांच्या मांडीवर गेला. "उणे एक आणा! पोरी, काय हवं ते माग!"

"एक बरणी द्या, महाराज."

"भरलेली?"

"दोन आणे मोजते, पण रिकामीच द्या!"

राजाला पुन्हा हसण्याची उबळ आली. त्यानं बरणी मागवली आणि स्वतःच्या हातानं गळ्यापर्यंत मोहरांनी भरून दिली. हरणानं झाकण उघडून आधी वास घेतला, आणि मगच बरणी काखेत मारली.