उंबऱ्यापर्यंतची नळी

"उस्ताद, तुम्हीच सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? पालिकेच्या शिक्क्यावर, की चौकात बोंबलणाऱ्या बाईवर?"

विश्वंभरने वही पाणपोईच्या कट्ट्यावर आपटली. घराघरातल्या जुन्या शिशाच्या नळ्या काढून पार स्वयंपाकघरापर्यंत नव्या घालून द्यायच्या, अशी पालिकेची योजना. आणि पेठेत तिचा मुकादम तो. कधीकाळी याच बशीर उस्तादांच्या हाताखाली नळकाम शिकलेला. आता खिशाला दोन पेनं.

वहीत एकशे बारा घरं. प्रत्येकापुढे एकच शब्द, पूर्ण. सोमवारी वही वर जाणार, योजना बंद होणार आणि पहिला नंबर आणला म्हणून याचा सत्कार. मग पुन्हा कुणी कुदळ मारणार नव्हतं.

उस्तादांनी रांजणावरचं फडकं सारखं केलं.

"बाई म्हणते काय?"

"बाई इथंच आहे!" मागून गोदाक्का कडाडल्या. "लेक बाळंतपणाला आलीय माझी. सातवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशाच्या नळाचं पाणी देऊ नका. मी ठणकावून सांगितलं, आमच्या विसूनं नळी बदललीय, सही घेतलीय! आणि मोरीवर बघते तर काय... तीच, आजेसासऱ्यांच्या वेळची!"

"रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत नवी घातलीय, आक्का."

"पाणी काय उंबऱ्यात चपला काढून थांबतं होय रे?"

पाणी प्यायला आलेला हमाल फिसकन हसला.

ज्याचं वजन कमी भरतं, तो आवाज चढवतो. विश्वंभरनेही चढवला.

"आतली भिंत फोडायची म्हणजे एका घराला दोन दिवस! एकशे बारा घरं कधी व्हायची? लोकांना कितीही करा..."

उस्ताद उठले.

"वही घे."

गोदाक्कांचं घर तिसरंच. स्वयंपाकघरात लेक भिंतीला टेकून मेथी निवडत होती. मोरीच्या वर ती नळी, राखेच्या रंगाची, गाठीगाठीची.

उस्तादांनी विळीच्या टोकाने तिला खरवडलं. आतून चांदीसारखी चमकली.

"काय आहे?"

"... शिसं."

"कुणी शिकवलं ओळखायला?"

विश्वंभरने वही पुढे केली.

उस्तादांनी वही उघडली. गोदाक्कांच्या नावाचं पान काढलं, चमकत्या जागेवर दाबलं आणि एकदाच ओढलं.

'पूर्ण'वरून जाड करडी रेघ उमटली.

तोटीतून थेंब पडत होता...

लेकीने मेथीची जुडी खाली ठेवली.

"दादा, सकाळपासून दोन तांबे प्यायले मी. आता पिऊ की नको?"

विश्वंभरला एकशे बाराही घरांचे उंबरे आठवले. कुठल्याच उंबऱ्याच्या आत तो गेला नव्हता.

त्याने अंगठा थुंकीने ओला केला आणि पानावरची रेघ पुसायला नेला.

उस्तादांनी मनगट धरलं. म्हातारा हात, पण पान्ह्याची पकड.

"पुसू नको, विसू. अख्ख्या वहीत एवढंच खरं आहे. उरलेल्या एकशे अकरांचा हिशेबही असाच खरा लिही."