मथूचा उपास

“तिला जमतं, मग मलाच का जमत नाही, माई?”

सुभद्रेनं विचारलं खरं, पण आवाजात प्रश्न कमी आणि जळफळाटच जास्त.

माई चुलीपाशी पेज ढवळत होत्या. मठात येण्याआधी त्या डॉक्टरीण होत्या. महिनाभर बाहेरगावी जाऊन कालच परतलेल्या.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात रीत अशी, की जिचा उपास मोठा तिच्या हाती आरतीचं तबक. इतकी वर्षं ते सुभद्रेकडे होतं. मग ही मथू आली. कोवळी पोर, अन्नाला जेमतेम शिवायची. गावच्या बायका तिच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या आणि माईंच्या माघारी तबकही तिच्याकडे गेलं.

सुभद्रेच्या अंगाची नुसती लाही होत होती.

“मी उपास धरला की दुपारपर्यंत भाकरीच्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. ही बया मात्र हसतमुख! काय साधलंय तिनं?”

“काही साधलेलं नाही.”

“मग?”

“तिच्या आईला फोन केला होता. मावशी अशीच खंगून गेली तिची. आजीसुद्धा भरल्या ताटावरून उठून जायची.”

“म्हणजे घराण्यातच तपश्चर्या!” सुभद्रा फणकारली. “आमच्याकडे मेले सगळे खादाड.”

“घराण्यात आजार आहे, बये.”

“आजार कसला?”

“तू उपाशी राहिलीस की तुझं शरीर जेव म्हणून ओरडतं. तिला ती हाकच ऐकू येत नाही. उलट पोट रिकामं असलं की तिच्या डोक्याला शांत वाटतं, भरलं की धास्ती बसते. मेंदूची घडणच तशी असावी, आणि उपासानं ती आणखी बिघडते. पुरतं अजून डॉक्टरांनाही उमगलेलं नाही. पण हौसेनं कोणी असं होत नाही. नाडी फार मंदावलीय पोरीची. गाडी बोलावलीय, आजच इस्पितळात न्यायची. तोवर थोडं तरी पोटात जायला हवं.”

खरं सांगायचं तर सुभद्रेला दया आली नाही. आजारातसुद्धा हीच पुढे, एवढंच मनात आलं.

माईंनी पेजेचं वाडगं तिच्या हातात दिलं. “जा, तू भरव.”

“मी?”

“तूच.”

मथू ओसरीवर बसली होती, भर उन्हात घोंगडी पांघरून. चमचा पुढे आला तसे तिचे ओठ घट्ट मिटले. कपाळाला घाम फुटला.

“नको ताई. भीती वाटते.”

“पेजेची?”

“हो...”

सुभद्रेनं वाडगं जवळ ओढून पेज ढवळली. तिचा वास नाकात शिरला... आणि सुभद्रेचं उपाशी पोट मोठ्यानं गुरगुरलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मथूनं मात्र हळूच हात पुढे केला आणि तिच्या पोटावर ठेवला.

“हे आपोआप वाजतं?”

“वाजतं मेलं.”

“माझं कधीच वाजत नाही गं. किती नशीबवान तू!”

मथूच्या डोळ्यांत हेवा होता. सुभद्रेनं तो लगेच ओळखला. ओळखणार नाही तर काय, महिनाभर तिनं दुसरं केलं काय होतं? तिनं चमचा पुन्हा पुढे केला.

“घे बाळ,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”

मथूनं डोळे गच्च मिटले, घोंगडी मुठीत धरली... आणि घोट गिळला. मग रडू लागली. रडत रडत दुसरा घेतला.

माई मागेच उभ्या होत्या. त्यांनी आणखी एक वाडगं आणून सुभद्रेपुढे ठेवलं.

“आता तूही जेव. एकटीला जड जातं तिला.”

“पण माई, माझा उपास मोडेल!”

“तिनं एवढा मोठा मोडला, तुला एवढासा मोडवत नाही?”