कारंज्यातली माहेरवाशीण

ऐकताय ना? मग सांगा, सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरली, की तिला जाऊ द्यावे, का दारातच उभी ठेवावी?

एका राज्यात, भर चौकात, सात थरांचे कारंजे होते. दूरदूरचे लोक ते पाहायला येत. मधोमध संगमरवरी राजकन्या उभी होती. दर चैत्रात नगरातल्या बायका तिची ओटी भरत आणि आपापल्या घरी जात. यंदाचा मान सगुणा कासारणीचा होता.

तिने ओटीत तांदूळ घातले, तोच मागून तिची लेक मैनावती ओरडली, "आई, माझे पाय!"

सगुणा वळली. मैनावती गुडघ्यापर्यंत दगड झाली होती. सगुणाच्या हातातले तबक पडले.

कारंज्याच्या काठावरची साळुंकी बोलली, "शंभर ओट्या झाल्या, निरोप एकही नाही. ही राजकन्या चार दिवसांसाठी माहेरी आली होती. कारंजे आटू नये म्हणून हिच्या मांत्रिक बापानेच, तेव्हाच्या राजाने, हिला दगड केले. आता शाप दुसरी लेक मागतो. दिवस मावळायच्या आत तीन कामे कर. राजाची परवानगी आण. हिच्या पायातली बेडी उतरव. हिच्या हातावर दही घाल."

"मेले, ठाऊक होते तर आधी का नाही बोललीस?"

"मला विचारले कोणी?"

सगुणा राजवाड्याकडे धावली.

"ती गेली तर नगराची शोभा जाईल," राजा म्हणाला.

"महाराज, माझी लेक जाते आहे. एकदा डोळ्यांनी बघा."

राजा आला. मैनावती कमरेपर्यंत दगड झालेली पाहून त्याने पायातले जोडे काढले. तो अनवाणी पाण्यात उतरला. "पणजोबांचे चुकले, आत्याआजी. आपण निघावे."

बेडीला सांधा नव्हता. लोहाराचा घण तुटला. पण घट्ट बांगडी न फोडता उतरवणे हे सगुणाचे रोजचे काम. तिने तेल चोळले, टाच दाबली, आणि किंचाळून हात मागे घेतला. दगडी टाच ऊन लागत होती! तिने पुन्हा दाबली. बेडी निसटली.

कोणीतरी दह्याची वाटी आणली. राजकन्येची मूठ उघडली. सगुणाने तळहातावर दही घातले, राजकन्येने ते चाटले.

"येते," ती म्हणाली.

सगुणाला राहवेना. "बाई, तिकडे आता कोण असेल?"

"कोणी नसले, तरी घर माझे आहे."

ती वेशीबाहेर चालू लागली. मैनावतीचे पाय हलले. कारंजे मात्र थांबले, आणि सारे नगर कोरड्या दगडांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या घरी पोचलेल्या राजकन्येच्या आशीर्वादाने, कारंजे आपोआप सुरू झाले, आणि मैनावतीने त्याच्या पाण्याने घागर भरून घरी नेली.