छाप्याविना भरलेल्या तीन चौकटी

एका राज्यात वीरध्वज नावाचा राजा होता, आणि त्याची राणी शशिप्रभा दिवसेंदिवस दिसेनाशी होत चालली होती. ती आजारी नव्हती, रुसलेली नव्हती. नुसती विरत होती. आधी तिची सावली गेली, मग पावलं गेली. अलीकडे ती खिडकीपाशी बसली की तिच्याआरपार बाहेरचा पारिजात दिसे. राजवैद्यांनी काढे दिले, ते पोटात उतरताना दिसत, इतकंच.

राजकन्या कुमुद्वती सतरा वर्षांची होती. आईचा हात धरायला जावं तर हात नेमका कुठे आहे तेच तिला कळेना. घाबरून ती दरबारच्या मांत्रिकाकडे, काळभृंगाकडे गेली.

“हा शाप आहे,” काळभृंग म्हणाला. “आणि तो माझाच आहे.”

“कुणाच्या आज्ञेनं दिलात?”

“आठवत नाही. मंत्र फार पक्का बसला, राजकन्ये. माझीही आठवण पुसून गेला.”

आता अशा मांत्रिकाला काय म्हणावं? पण पोथी त्याच्याजवळ होती आणि पोथीत उतारा होता. घरातल्या लेकीनं तीन चौकटींचा शेला भरायचा. पहिल्या चौकटीत ज्याच्यावर शाप पडला तो. दुसरीत ज्यावरून पडला ते. तिसरीत तो पडला कसा ते. खरा टाका टिकेल, खोटा आपोआप उसवेल. अमावास्येपर्यंत शेला पुरा झाला नाही, तर राणी कायमची विरून जाईल.

“पण शाप आईसाहेबांवर नाही का पडलेला?”

“तसं दिसतं खरं,” काळभृंग म्हणाला आणि स्वतःच गोंधळून पोथी उलटसुलट करू लागला.

त्या राज्यात भरतकामाची रीत अशी होती की आधी राजाच्या छापेकारानं कापडावर छापा उमटवायचा आणि मग बायकांनी त्यात रंग भरायचे. छाप्याबाहेर टाका गेला तर चारचौघींत हसू होई. कुमुद्वतीही रीतीप्रमाणेच वागली. तिनं घरात चौकशी केली आणि जो जे सांगेल त्याचा छापा मागवला. राजा म्हणाला, “राणीला वनदेवतेची दृष्ट लागली.” तिनं वनदेवता भरली, शेवटची गाठ मारताच सगळा धागा सळसळत मांडीवर आला. दाई म्हणाली, “हरवलेल्या हाराचा ध्यास घेतलाय राणीसाहेबांनी.” हार भरला, उसवला. प्रधान म्हणाला, “ग्रह फिरले.” तिनं नऊ ग्रह भरले, नऊही उसवले. तिचं डोकं भणभणून गेलं. या घरात कधी काही वावगं घडलंच नाही, असं सगळे सांगत होते. मग आई कशानं विरत होती?

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. त्या राज्यातल्या साळुंक्या बोलत, आणि फटकळ बोलत.

“दुसऱ्यांचं छापलेलं किती दिवस भरत बसणार?”

“मला काहीच ठाऊक नाही गं. काय भरू?”

“डोक्याला ठाऊक नसेल. हाताला विचार.”

कुमुद्वतीनं कोरं कापड ताणलं. तिला लाज वाटली, भीतीही वाटली, पण तिनं सुई टोचली. संध्याकाळपर्यंत पहिल्या चौकटीत एक तरुण उभा राहिला. त्याच्या हाती तलवारीऐवजी सुई होती. तिनं टाका ओढून पाहिला, तो हलेना. हा कोण, तिला काही उमगेना; पण त्याचं नाक अगदी राणीसारखं होतं.

दुसऱ्या चौकटीत एक ध्वज आला. ध्वजावर रणांगण होतं आणि रणांगणाला पाठ करून पळणारा मुकुटधारी घोडेस्वार. टाके टिकले. घोड्यात मात्र रंग भरेना. पांढरा भरला, उसवला. काळा भरला, उसवला. तिनं घोडा तसाच सोडला.

तिसऱ्या चौकटीत वाड्याचा चौक आला. संतापलेला राजा, मान खाली घातलेला तरुण, खांबाआड तोंड दाबून उभी राणी. आणि तो ध्वज राजापुढे उलगडून धरणारं कुणीतरी. तिनं प्रधान भरला, उसवला. दाई भरली, उसवली. अमावास्या उद्यावर आली आणि आईचं आता कपाळावरचं कुंकू तेवढं दिसत होतं. कुमुद्वती हमसून हमसून रडली. मग तिचा हात आपण होऊन खाली सरकला आणि त्यानं एक लहान मुलगी भरली, पाच वर्षांची, हसरी.

तो टाका टिकला.

तिला सगळं आठवलं. तो तिचा दादा, राजपुत्र सुकेत. लढाईत जे पाहिलं ते त्यानं विजयध्वजावर लपूनछपून भरलं होतं, आणि “बघा, दादानं किती छान केलंय!” म्हणत तिनंच तो कौतुकानं राजापुढे नेला होता. राजा काळभृंगाला म्हणाला होता, “याचं नावसुद्धा या घरात उरता कामा नये.” काळभृंगानं आज्ञा शब्दशः पाळली होती: सुकेत सगळ्यांच्या आठवणीतून पुसला गेला, आणि तो जिच्या पोटचा, ती आई त्याच्यामागोमाग विरत चालली होती.

ती दाराशी धावली. सुकेत कुठे गेलाच नव्हता. बारा वर्षं तो त्याच नगरात गोधड्या शिवत होता, दर सणाला वाड्याच्या दाराशी येई आणि पहारेकरी विचारी, “कोण पाहिजे?” आजही सणाचा तो दाराशी उभा होता, पण या वेळी पहारेकऱ्यानं ओळखून त्याला मुजरा केला.

“दादा, ध्वज मी दाखवला होता.”

“मी तिथंच होतो,” सुकेत म्हणाला. “तू किती खुशीत होतीस, तेही पाहिलं होतं.”

राणीचं कुंकू मात्र फिकटच होत होतं. काळभृंगानं पोथीतली शेवटची ओळ वाचली. “ज्याची आज्ञा, त्याची साक्ष.”

राजा शेल्यापुढे उभा राहिला. त्याची नजर दुसऱ्या चौकटीतल्या बिनरंगी घोड्यावर गेली. घोड्याचा रंग सुकेतला माहीत होता, पण तो गप्प राहिला. कुमुद्वतीला वाटलं, आता राजा शेला फाडणार.

“घोडा तांबडा होता,” राजा म्हणाला. “पळताना मी मागं वळूनही पाहिलं नाही.”

कुमुद्वतीनं तांबडा धागा ओवला. पहिला टाका बसला आणि राणीची बोटं दिसू लागली, दुसऱ्याला मनगट. घोडा पुरा भरला तेव्हा राणी पुरी उभी होती, पायाखाली सावलीसकट. तिनं आधी लेकाला पोटाशी धरलं. मग शेला हातात घेऊन खांबाआडच्या बाईकडे बोट दाखवलं.

“ही मी ना? गप्प राहिलेली?”

“हो, आईसाहेब,” कुमुद्वती कशीबशी म्हणाली.

“नीट भरली आहेस,” राणी म्हणाली. “उसवू नकोस.”